मुख्य चालक

भिंगरीची गाडी एवढीशी होती, की मागच्या सीटवर बसायचं तर मला आधी माझ्या गुडघ्यांची समजूत काढावी लागे. पुढे दोन माणसं, मागे रक्ताच्या नमुन्यांचा थंड डबा आणि त्या डब्याला खेटून मी. चढावर ती गाडी धापा टाकायची आणि उतारावर खुळखुळायची. पण आमचं तिघांचं घर त्या खुळखुळ्यावरच चाललं होतं, हे तिचा विमा संपत आला तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

तिघं म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याची मुलगी आणि मी. भावाला मी दादा म्हणते. मुलगी लहानपणापासून एका जागी बसली नाही, म्हणून तिला भिंगरी. मी तिची आत्या. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलं, आणि वहिनी गेल्यावर माझी उशी काखोटीला मारून या घरात राहायला आले. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असेल. दिवसभर परक्या लोकांशी गोड बोलून झाल्यावर घरच्यांसाठी गोड शिल्लक राहत नाही.

दादाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे हीच गाडी, तिच्या टपावरची पाटी आणि आत दादा. शेजारच्या सीटपुढे त्याच्यासाठी वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक बसवलेला होता. शिकायला कॉलेजातली पोरगी येवो नाहीतर निवृत्त झालेला साहेब, दादा सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचा आणि पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा. "स्टिअरिंग तुमच्या हातात, ब्रेक माझ्या पायाखाली. काही झालं तर ते माझं. तुम्ही फक्त समोर बघा."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. एकदा एका बाईंनी मागे घेता घेता गाडी फाटकावर घातली. बाई रडायला लागल्या. दादानं त्यांना घरी आणून चहा पाजला, चूक माझीच, माझा पाय उशिरा पडला म्हणाला, दुसऱ्या दिवशी परत बोलावलं आणि पहिला धडा रिव्हर्सचाच घेतला. चेपलेला पत्रा रविवारी स्वतः ठोकत बसला. विमा कंपनीकडे त्यानं आयुष्यात कधी हात पसरला नाही. चूक माझी तर भरपाई दुसऱ्यानं का करायची, असं त्याचं म्हणणं. मी त्याला वेड्यात काढायची. मग विमा कशाला घेतोस, फ्रेम करून भिंतीवर लावायला? तो हसायचा.

मग तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग नावं, मग ओळखीचे रस्ते. रस्ते विसरायला लागल्यावर डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. टपावरची पाटी उतरली, शेजारच्या सीटपुढचे क्लच-ब्रेक काढून टाकले, भोकांवर रबराची चटई अंथरली आणि गाडी भिंगरीच्या नावावर झाली. रोज संध्याकाळी दादा मला विचारायचा, "धाकटे, हिची आई अजून कशी आली नाही?" पहिले काही दिवस मी खरं सांगायची. प्रत्येक वेळी त्याला ते नव्यानं कळायचं आणि तो नव्यानं कोसळायचा. पुढे मी खरं सांगणं सोडलं. येईल म्हणायची.

भिंगरी एका लॅबसाठी लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायची. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, उपाशीपोटी तपासणी असलेली माणसं. उजाडायच्या आत निघायचं, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुया टोचत फिरायचं आणि नमुने तापायच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. नोकरीची अट एकच होती, गाडी स्वतःची हवी. त्या वेळेला बस नसते, आणि असती तरी बसमधून रक्ताचा डबा कोण नेऊ देणार? गाडी गेली की नोकरी गेली. एवढं सरळ होतं ते.

आणि सरळ नव्हतं ते दुसरं. दादा त्या गाडीत बसला की दादा असायचा. घरात तो खुर्चीच्या कडेला बसून कुणाची तरी वाट बघणारा म्हातारा. पण रविवारी भिंगरी त्याला शेजारी बसवून चक्कर मारायला निघाली, की त्याची पाठ ताठ व्हायची. "आरसा बघा. क्लच हळू. घाई कुणाची आहे? आपली नाही." पाय चटईवर दाबत राहायचा, जिथे पूर्वी ब्रेक होता तिथे. तिथलं रबर गुळगुळीत झालं होतं. मी मागे डब्याला खेटून बसायची आणि माझ्या भावाकडे बघून घ्यायची. आठवड्यातला तेवढाच वेळ तो मला भेटायचा.

तर विमा. नव्या वर्षाचा हप्ता आला तो जवळजवळ दुप्पट. भिंगरीला वाटलं चूक झाली असेल. तिनं फोन केला. चूक नव्हती. इतकी वर्षं क्लेम न घेतल्याची सगळी सवलत दादाच्या नावावर होती आणि ती गाडीबरोबर येत नाही, माणसाबरोबर राहते. भिंगरीच्या नावावर कंपनीच्या लेखी काहीच नव्हतं. ती कालच जन्मलेली चालक. वर गाडी कामाला वापरते, तेही अंधारात, म्हणजे जोखीम जास्त. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. तो आवाज मी ओळखते. मीही तो वर्षानुवर्षं काढलाय. नाही म्हणायचं असतं तेव्हाचा आवाज तो.

पुढचे कितीतरी दिवस भिंगरी दुपारी लॅबमधून आली की जेवणाचं ताट बाजूला सारून फोन घेऊन बसायची. ही कंपनी, ती कंपनी, सगळ्या कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारी ती संकेतस्थळं. तेच प्रश्न, तीच उत्तरं, आणि शेवटी तोच डोळे पांढरे करणारा आकडा. कुठे स्वस्त दिसलं तर खाली बारीक अक्षरात असं काही असायचं, की त्यापेक्षा रस्त्यावर उभं राहून नशिबावर हवाला ठेवलेला बरा. एकानं सांगितलं गाडीत यंत्र बसवा, तुम्ही कशी चालवता ते आम्ही बघू, मग कमी करू. तिनं विचारलं, पहाटे चालवली तर? तो म्हणाला, पहाटे चालवलीत तर वाढेल.

"माझ्या गाडीपेक्षा विमा महाग झाला, आत्या," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण डोळे भरून आले होते. लॅबवाल्यांनी आधीच पगारवाढीला हात वर केले होते. घरात विकण्यासारखं म्हणाल तर मी आणि माझी उशी.

त्याच दुपारी ती फोनवर उत्तरं बदलून बघत होती. सहज, खोड म्हणून. मुख्य चालक कोण, या चौकोनात तिनं स्वतःचं नाव पुसून दादाचं टाकलं. आकडा सर्रकन खाली आला. मग वापर कशासाठी, तिथे कामाऐवजी घरगुती टाकलं. आणखी खाली आला. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत राहिलो. मागे दादा बिस्किट चहात बुडवत होता आणि ते बुडवलंय हे विसरत होता.

"लायसन्स आहे ना अजून त्यांचं?" भिंगरीनं विचारलं.

"आहे. पण चालवतो कुठे तो?"

"कागदावर चालवतील."

मी दादाच्या कपातलं बुडालेलं बिस्किट चमच्यानं काढलं. एरवी मला न बोलणं जमत नाही.

अडचण एकच होती. कंपनी फोन करून मुख्य चालकाशी बोलणार होती. दादा फोनवर काय बोलेल याचा नेम नव्हता. कधी तो टेलिफोनला वहिनी समजायचा. तेव्हा शिकवणं आलं, आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण सकाळी त्याच्याजवळ मी असायची आणि कंपनीचा आवाज काढणं माझ्या हातचा मळ होता.

"नमस्कार सर. आपली गाडी कोण चालवतं?"

"विद्यार्थी," दादा म्हणाला.

"विद्यार्थी नाही. तू चालवतोस म्हण."

"मी कशाला? मी शेजारी बसतो. चालवतात ते." त्याला माझ्या अकलेची कीव आली होती.

सकाळचा चहा, दुपारचं जेवण, कपड्यांच्या घड्या, सगळीकडे मी तेच विचारायची. गाडी कोण चालवतं? विद्यार्थी. गाडी कोण चालवतं? नवीन बाई आल्यात त्या. गाडी कोण चालवतं? आमची भिंगरी छान चालवते, माझ्यापेक्षा छान. हे ऐकून भिंगरी स्वयंपाकघरात निघून गेली. मी मात्र हट्टाला पेटले होते. ज्याला सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही त्याच्या डोक्यात एक शब्द घुसवायचाच, असा मला चेवच चढला. आणि एक दिवस मी गोड आवाजात विचारलं, गाडी कोण चालवतं सर, आणि दादा पाठ ताठ करून म्हणाला, "मीच."

"कशासाठी वापरता?"

"घरच्या कामासाठी."

"कधी क्लेम घेतलाय?"

"आयुष्यात एकही नाही." हे शिकवावं लागलं नव्हतं.

मी टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे हसलो, दादासुद्धा. फोन आला तेव्हा त्यानं एक अक्षर चुकवलं नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, आपल्यासारखे चालक हल्ली राहिले नाहीत. विमा झाला. हप्ता आवाक्यात आला, भिंगरी परत ताटावर बसून जेवायला लागली आणि मला वाटलं, चला, एवढं तर निभावलं.

ज्या दिवशी माझी दाढ काढायची होती त्या दिवशी सकाळी दादाजवळ बसायला कुणी नव्हतं, म्हणून भिंगरीनं त्याला फेरीवर बरोबर नेलं. मी तिथे नव्हते. जे सांगते ते तिच्याकडून ऐकलेलं. शेवटचं घर एका अरुंद गल्लीत होतं. आजीबाईंची शीर सापडेना, उशीर झाला, डब्यातला बर्फ वितळत आला होता. भिंगरी पळत येऊन गाडीत बसली आणि गल्लीतून मागे घ्यायला लागली. दादा म्हणाला, "थांबा." ती म्हणाली, "हो बाबा," आणि थांबली नाही. मग तो ओरडला. त्याचा पाय चटईवर आपटल्याचा आवाज तिनं ऐकला, आणि लगेच मागे दुसरा आवाज.

काचा पुसणारा होता तो. खांद्यावर शिडी, हातात बादली, गाडीकडे पाठ. तो शिडीसकट पडला आणि मागचं चाक त्याच्या पावलावर चढलं. भिंगरी उतरून धावली. बादलीतलं साबणाचं पाणी गल्लीभर झालं होतं, त्यात ती गुडघे टेकून बसली आणि त्याचा पाय धरून राहिली. लोक जमले, रुग्णवाहिका आली. दादा कधी गाडीतून उतरून तिच्यामागे येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. तो सगळ्यांना एकच सांगत होता. "पाय पोचला नाही."

घरी आल्यावर तो जेवला आणि झोपला. मी देवाचे आभार मानले. म्हटलं, विसरण्याचा एक तरी फायदा.

काही दिवसांनी कंपनीचा तपासनीस घरी आला. हडकुळा, सभ्य माणूस, सर्दी झालेला. भिंगरीनं त्याला पाणी दिलं. सगळं खरं सांगून टाकायचं की नाही, यावर आम्ही दोघी आदल्या दिवशी भांडलो होतो आणि काहीच ठरलं नव्हतं. दादा खिडकीजवळ खुर्चीत होता. तपासनिसानं नाक पुसलं, पेन उघडलं आणि कुणाकडे न बघता विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"मीच," दादा म्हणाला.

भिंगरीनं तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं.

"कशासाठी वापरता?"

"घरच्या कामासाठी."

"त्या दिवशीही तुम्हीच होता?"

हे मी शिकवलं नव्हतं. दादानं आपल्या पायाकडे बघितलं. "मीच होतो. मला दिसला होता तो. पाय पोचला नाही."

"ब्रेकवर?"

"हो. ब्रेकवर."

तपासनिसानं लिहून घेतलं. मग पेन बंद करता करता, अगदी आपुलकीनं म्हणाला, "काका, रागावू नका, पण आता गाडी सोडा. त्या माणसाच्या घोट्याचा चुरा झालाय. शिडीवर चढायचं काम त्याचं. आता तो चढेलसं दिसत नाही."

तो गेला. भिंगरी भिंतीला टेकून उभी होती. क्लेम मंजूर होईल, काचवाल्याला कंपनी पैसे देईल, गाडी राहील, नोकरी राहील. सगळं सुरळीत. मी तिला तसं म्हणालेही. तिनं तपासनिसाचा पेला उचलला आणि न ऐकल्यासारखी आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला चहा दिला. तो कपाकडे न बघता म्हणाला, "धाकटे, त्या माणसाचा पाय कसा आहे?"

मी म्हटलं, कुठल्या माणसाचा?

"मी ज्याला पाडलं त्याचा."

वहिनी गेली हे ज्याच्या डोक्यात टिकलं नाही, त्याच्या डोक्यात हे टिकलं. रोज तेच. सकाळी उठला की पहिला प्रश्न तोच, आणि मग डोळ्यांतून पाणी. जेवण अर्ध्यावर सोडायचा. "तो चढणार कसा शिडीवर?" म्हणायचा. खुर्चीत बसल्या बसल्या त्याचा पाय फरशीवर दाबत राहायचा. रविवारी भिंगरीनं त्याला गाडीजवळ नेलं, तर दार धरून उभा राहिला आणि आत बसेना. "माझ्याकडे शिकायला कुणी येऊ नका आता," म्हणाला. जे एक ठिकाण त्याचं उरलं होतं तेही गेलं.

आम्ही त्याला खरं सांगितलं. मी सांगितलं, भिंगरीनं सांगितलं. "बाबा, गाडी मी चालवत होते. तुम्ही नुसते बसला होतात." तो ऐकायचा, मान हलवायचा. मग म्हणायचा, "गाडी कोण चालवतं? मीच." माझाच शब्द, माझ्याच चालीत. मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटायची.

मग भिंगरी त्या काचवाल्याला बघायला गेली. फळं घेऊन गेली आणि परत आली ती थेट माझ्यासमोर येऊन खाली बसली. त्याची खोली तळघरात होती, म्हणाली, खिडकीच नव्हती तिला. पाय उशीवर ठेवलेला. बायको दुसऱ्यांच्या काचा पुसायला त्याच्याऐवजी जायला लागली होती. आणि तो म्हणाला, "तुमच्या बाबांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. म्हातारपण आहे. कुणाच्या हातून होत नाही?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"सांगते म्हणाले," भिंगरी म्हणाली.

फळांच्या रिकाम्या पिशवीची ती घडी घालत राहिली. शेवटी म्हणाली, "मी उद्या कंपनीत जाऊन सांगणार आहे. सगळं."

मी तिला अडवलं. यात मला काही लपवायचं नाही. मी म्हटलं, गाडी जाईल. नोकरी जाईल. कंपनी हात झटकेल आणि त्या माणसाचं सगळं तुझ्या डोक्यावर येईल. आणि कुणासाठी? याला काय कळणार आहे?

"तेवढंच तर कळतंय त्यांना, आत्या," ती म्हणाली. "मी सगळ्यांसमोर सांगितलं, कागदावर आलं, तर कदाचित सुटतील ते. कागदावर आलं म्हणूनच तर अडकले."

एक आशा मलाही होती. खोटं आपण घुसवलं, तर खरंही घुसेल, असं वाटलं मला.

कंपनीनं विमा रद्द केला. तपासनीस स्वतः फोनवर बोलला, अजून सर्दी होतीच. मला वाईट वाटतंय, म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत असावं. काचवाल्याला द्यायचं ते आता भिंगरीनं द्यायचं, जमेल तसं, किती वर्षं ते तिला ठाऊक. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि अशा माणसाला नवा विमा कुठलीच कंपनी देईना, स्वस्त नाही आणि महागही नाही. लॅबनं दुसरी मुलगी घेतली. गाडी एका गॅरेजवाल्यानं नेली. नेण्याआधी त्यानं आत वाकून ती रबरी चटई उचलून बघितली आणि विचारलं, ही भोकं कसली? भिंगरीनं चटई मागून घेतली.

त्या दुपारी ती चटई काखेत धरून घरी आली. दादा खिडकीजवळ बसला होता, पाय फरशीवर दाबत. ती त्याच्यासमोर खाली बसली, साबणाच्या पाण्यात बसली असेल तशी, आणि त्याचे दोन्ही हात धरले. मी दारात उभी होते.

"बाबा, ऐका. मी सगळ्यांना सांगितलं. कंपनीला सांगितलं, त्या माणसाला जाऊन सांगितलं. गाडी मी चालवत होते. तुम्ही थांबा म्हणालात आणि मी थांबले नाही. चूक माझी आहे. सगळ्यांना माहीत आहे आता. तुमचं काही नाही यात."

दादानं तिच्याकडे नीट बघितलं. किती दिवसांनी त्याची नजर कुणावर तरी ठरली होती. त्याला समजलंय हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. "तुम्हीच चालवत होता."

भिंगरी रडायला लागली. इतके दिवस रडली नव्हती ती.

दादानं हात सोडवून घेतला आणि तिच्या डोक्यावर ठेवावा की नाही अशा संकोचात मध्येच थांबवला. परक्या बाईच्या डोक्यावर कसा ठेवणार? मग फार मायेनं, त्या जुन्या आवाजात म्हणाला, "रडू नका बाई. शिकणाऱ्याची चूक कधीच नसते. ब्रेक माझ्या पायाखाली होता. जे झालं ते माझं." त्याचे डोळे परत भरले. "धाकटे, बाईंना चहा दे. उद्या परत या तुम्ही. आपण आधी रिव्हर्सच घेऊ."

भिंगरीनं चटई त्याच्या पायाखाली सरकवली. गुळगुळीत झालेली जागा बरोबर त्याच्या पावलाखाली येईल अशी.

"येते, सर," ती म्हणाली.

मी चहा ठेवायला आत गेले.